दोन गिअरच्या इम्पालाला चार गिअर

१९६६च्या शेव्हर्ले इम्पालाला पुढे जायचे गिअर दोनच. त्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं नाव पॉवरग्लाइड. शेव्हर्लेने तो १९५० साली आणला, १९६२ साली त्याची अॅल्युमिनियमची आवृत्ती आली आणि १९७३पर्यंत तो गाड्यांना बसत होता. म्हणजे गिअरबॉक्स वाईट नाही. अमेरिकेत ड्रॅग रेसवाले, म्हणजे छोट्या सरळ रस्त्यावर गाड्या पळवणारे, आजही तो शोधून बसवतात, कारण आत भाग कमी आणि अंगात दम भरपूर. पण ड्रॅग रेसमध्ये ठाण्याच्या तीन हात नाक्याचा सिग्नल लागत नाही.

आमची इम्पाला चार दरवाजांची, डाव्या हाताच्या स्टिअरिंगची, २८३ घनइंच म्हणजे ४.६ लिटरच्या व्ही-आठ इंजिनाची. सत्तरच्या दशकात एका वकिलातीने जुन्या गाड्या काढल्या तेव्हा थोरल्या मामांनी ती घेतली, त्यांच्यानंतर माझ्याकडे आली. लांबी ५.४ मीटर. नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत पार्किंगच्या पिवळ्या रेघेबाहेर तिची डिकी हातभर डोकावते, आणि दर वार्षिक सभेत हा प्रश्न आयत्या वेळच्या विषयांत येतोच. आमची ही तेव्हा मुद्दाम दुसऱ्या रांगेत जाऊन बसते.

गाडीचं वजन सोळाशे किलोच्या पुढे. पॉवरग्लाइडचा पहिला गिअर इंजिनाप्रमाणे १.८२ किंवा १.७६ असतो, म्हणजे गिअरबॉक्सच्या मागचा शाफ्ट एकदा फिरायला इंजिनाच्या तेवढ्या फेऱ्या; आकडा मोठा तेवढा जोर जास्त. दुसरा थेट, एकास एक. साध्या चार गिअरच्या गाडीत पहिला साडेतीनच्या आसपास असतो हे लक्षात घेतलं की १.८२ म्हणजे काय ते कळेल. उरलेला जोर टॉर्क कन्व्हर्टरने लावायचा. कन्व्हर्टरमध्ये इंजिनाकडचं पातं तेल फेकतं, त्या तेलाच्या माऱ्याने गिअरबॉक्सकडचं पातं फिरतं. गाडी रांगत असते तेव्हा दोघांच्या वेगात मोठा फरक राहतो आणि त्या फरकातला बराचसा भाग उष्णता होऊन तेलात उतरतो. माजिवड्याच्या पुलाखाली मे महिन्यात अर्धा तास रांगलात की खालून तापलेल्या तेलाचा वास केबिनमध्ये यायला लागतो. घोडबंदर रस्त्यावर मेट्रोच्या कामाचे पत्रे लागल्यापासून तर हा वास कायमचाच झाला होता.

हायवेवर वेगळं दुखणं. डिफ्रन्शल, म्हणजे मागच्या चाकांकडचे गिअर, ३.३६चं, टायर १४ इंची, त्यामुळे ताशी १०० किलोमीटरला इंजिन मिनिटाला २६००च्या वर फिरतं, कन्व्हर्टरची घसरण धरली तर आणखी थोडं जास्त. इंजिनाला त्याचं काही वाटत नाही. कानाला आणि खिशाला वाटतं. शहरात एव्हरेज पाचाच्या आसपास, हायवेवर साडेसहा. पेट्रोलचा आजचा भाव मी इथे लिहीत नाही, घरचे वाचतात.

तर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिन कमी फिरवून तोच वेग राखणारा वरचा गिअर, हवा, हे डोक्यात बसलं ते हायवेच्या हिशोबाने. आणि हाती लागला तो फायदा भलत्याच ठिकाणचा. पण ते पुढे.

जनरल मोटर्सचे ओव्हरड्राइव्हवाले आणि तरीही कॉम्प्युटरशिवाय चालू शकणारे ऑटोमॅटिक मुख्यतः दोन: ७००आर४ आणि २००-४आर. पहिल्याचे गिअर ३.०६, १.६३, १ आणि ०.७०. दुसऱ्याचे २.७४, १.५७, १ आणि ०.६७. मंडळींचा ओढा ७००आर४कडे असतो, कारण तो जास्त बनला आणि सुटे भाग ढिगाने मिळतात. माझं मत २००-४आरच्या बाजूने पडलं, त्याचं कारण लांबी. ७००आर४ जुन्या गिअरबॉक्सपेक्षा तीनेक इंच लांब, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट कापून, पुन्हा जोडून बॅलन्स करायचा. २००-४आरची लांबी जवळपास पॉवरग्लाइडएवढीच, मागच्या शाफ्टला दातेही तेवढेच, २७. मूळ प्रोपेलर शाफ्ट जसाच्या तसा आत सरकतो. शिवाय ७००आर४मध्ये पहिल्याकडून दुसऱ्याला जाताना इंजिनाचा वेग एकदम निम्म्यावर येतो. एकशे नव्वद-पंच्याण्णव घोड्यांच्या जुन्या इंजिनाला ती दरी जाणवते. २००-४आरच्या पायऱ्या जास्त समान आहेत. इंजिनाकडच्या तोंडाला शेव्हर्लेची आणि ब्यूइक-पॉन्टिअॅकची अशी दोन्ही प्रकारची बोल्टांची भोकं असतात, त्यामुळे ॲडॅप्टर प्लेटची भानगडही नाही. पुढचे, तारांच्या जुडग्याने आणि कॉम्प्युटरने चालणारे गिअरबॉक्स मी विचारातच घेतले नाहीत. साठ वर्षांच्या गाडीत लॅपटॉप लावून गिअर बदलायची माझी तरी इच्छा नाही.

गिअरबॉक्स पुण्यात मिळाला. एका गृहस्थांनी हाच बेत करून तो बरीच वर्षं पेटीत ठेवला होता. मग गाडीच विकून टाकली आणि पेटी जिन्याखाली राहिली. २००-४आर १९८१ ते १९९० एवढीच वर्षं बनला, म्हणजे हाताशी आलेला नग किमान पस्तीस वर्षांचा. तो तसाच बसवायचा प्रश्नच नव्हता. आतली सगळी रबरी सीलं दगड झालेली असणार.

काम केलं वागळे इस्टेटमधल्या एका शेडमध्ये. मिस्त्री काका मूळचे संगमेश्वरकडचे, राहायला कळव्याला, आणि तरुणपणी मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजूला अमेरिकन गाड्यांच्याच गॅरेजात घडलेले. ऑटोमॅटिक उघडणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकीच राहिली आहेत. नव्या गाड्यांचा ऑटोमॅटिक बिघडला की कंपनी पूर्ण युनिट बदलायला सांगते, त्यामुळे क्लच प्लेटा हातात घेऊन बघायची सवयच मोडली. काकांनी पेटी उघडली, आतल्या तेलात बोट बुडवून नाकाशी नेलं आणि म्हणाले, "जळकं नाय साहेब. म्हातारं आहे, पण मेलेलं नाय."

रिपेअर किट अमेरिकेहून मागवलं: सीलं, घर्षणाच्या प्लेटा, बँड, पंपाच्या कडक केलेल्या रिंगा. त्या रिंगा या गिअरबॉक्सचं दुखणं आहे. पंप पात्यांचा, मागणीप्रमाणे कमीजास्त तेल देणारा, आणि त्याच्या मूळ रिंगा जोर पडला की तुटतात. कस्टम ड्युटी आणि त्यावरचा जीएसटी धरून किट ठाण्यात पडलं तेव्हा त्याची किंमत जाहिरातीतल्या आकड्याच्या दीडपटीच्या पुढे गेली होती. परदेशी सुट्या भागांचं बजेट करताना हा गुणाकार आधीच करून ठेवावा.

जोडणीतला एक भाग मी शेजारी स्टूल टाकून बघितला, कारण तो बघण्यासारखाच होता. घर्षणाच्या नव्या प्लेटा कोरड्या बसवत नाहीत. ट्रान्समिशनच्या लाल तेलात बुडवून ठेवतात, तेल मुरलं की मगच आत. एक घर्षणाची, एक स्टीलची, एक घर्षणाची, एक स्टीलची अशी थप्पी ड्रममध्ये लावायची, वर रिंग बसवायची आणि फीलर गेजने फट मोजायची. फट कमी पडली तर क्लच कायम घासत राहतो, जास्त झाली तर उशिरा पकडतो. मग कॉम्प्रेसरची हवा. ड्रमच्या तेलाच्या भोकात नळीचं टोक धरून काका हलकेच हवा सोडत. आतला पिस्टन सरकून प्लेटांवर बसला की एकच भरीव 'ठक' येतो. सील दुमडलं असेल तर ठक येत नाही, फुसफुस येते. काका प्रत्येक ड्रम कानाशी धरून ऐकत होते. एका ड्रमला त्यांना आवाज आवडला नाही. मला तो बाकीच्यांसारखाच वाटला होता. त्यांनी तो पुन्हा उघडला आणि सीलची कडा एके ठिकाणी नखाएवढी वळलेली निघाली. गाडीत बसवल्यावर हेच कळलं असतं तर पूर्ण गिअरबॉक्स परत खाली.

जुना पॉवरग्लाइड उतरवणं हे निव्वळ अंगमेहनतीचं काम. सायलेन्सरचा आडवा पाइप काढावा लागतो, तेलाच्या लाइनी सोडवाव्या लागतात, साठ वर्षांचे गंजलेले बोल्ट गरम करून फिरवावे लागतात. पोरांनी ते केलं. मी चहा आणला.

बसवताना जीव टांगणीला लागतो तो कन्व्हर्टरपाशी. कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आत ढकलताना तीन टप्प्यांत बसतो: दोन शाफ्टांचे दाते आणि शेवटी पंपाची खाच. हाताने गोल फिरवत ढकलायचं, प्रत्येक टप्प्याला तो किंचित आत पडतो. शेवटचा टप्पा न पडता गिअरबॉक्स इंजिनाला लावून बोल्ट कसले तर पंप तिथल्या तिथे फुटतो. नीट बसला असेल तर बोल्ट कसल्यावरही इंजिनाच्या मागची चकती, म्हणजे फ्लेक्सप्लेट, आणि कन्व्हर्टरमध्ये तीन ते पाच मिलिमीटर फट उरते, कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरतो आणि मग पुढे ओढून त्याचे बोल्ट लावायचे. फट उरली नाही तर पाना खाली ठेवायचा आणि मागे यायचं. आमच्याकडे फट चार मिलिमीटर आली.

गिअरबॉक्सची लांबी सारखी असली तरी त्याचं फाउंडेशन सारख्या जागी नाही. पॉवरग्लाइडचा पाय पोटाखाली असतो, २००-४आरचा शेपटाकडे, सहा-साडेसहा इंच मागे. त्यामुळे हा पाय ज्यावर टेकतो तो चासीतला आडवा क्रॉसमेंबर मागे घ्यावा लागतो. १९६५पासूनच्या इम्पालाची चासी बाजूने जाणाऱ्या दोन लांब तुळयांची आहे आणि क्रॉसमेंबर बोल्टांचा, सुटा. त्याआधीच्या, १९५८ ते १९६४च्या गाड्यांची चासी फुलीच्या आकाराची आणि प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा, तिथे हे काम फार किचकट होतं. त्या काळातली गाडी असेल तर आधी खाली झोपून बघा, मग गिअरबॉक्स विकत घ्या.

इथे माझी एक अट होती आणि काकांना ती आधी फारशी पटली नाही. मूळ चासीत नवं भोक पाडायचं नाही, वेल्डिंगचा टाका मारायचा नाही. शेडच्या मागच्याच गल्लीत एका फॅब्रिकेशनवाल्याने सहा मिलिमीटरच्या पट्टीतून दोन ब्रॅकेट बनवून दिले, जे जुन्या भोकांतून बोल्टने बसतात आणि क्रॉसमेंबरला मागची जागा देतात. "दोन टाके मारले असते तर दुपारपर्यंत झालं असतं," काका म्हणाले. झालं असतं. पण मूळ पॉवरग्लाइड तेल भरून, तोंडं बंद करून जपून ठेवलाय आणि उद्या कोणाला ही गाडी जशीच्या तशी हवी असेल तर एका आठवड्यात ती तशी होईल.

अटीमागे कायद्याचाही विचार होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे नोंदणीपुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे ठणकावून सांगितलं. माझ्या पुस्तकात इंजिन नंबर, चासी नंबर, रंग, बॉडी, इंधन हे आहे, गिअरबॉक्सचा रकाना नाही. तरी काम सुरू करण्याआधी आरटीओत कागद दाखवून विचारून घेतलं. २०२१मध्ये व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम आले. त्यांत ५० वर्षांवरच्या गाडीची चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा अशी अट आहे, पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. मला गाडी चालवायची आहे, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही. दर पाच वर्षांनी जुन्याच नोंदणीचं नूतनीकरण करून घेतो.

आता या सगळ्या प्रकरणाचा खरा जीव. तो गिअरबॉक्समध्ये नाही, हातभर लांबीच्या एका तारेत आहे.

इंजिनावर किती ओझं आहे हे पॉवरग्लाइडला बरंचसं व्हॅक्यूमच्या डबीतून कळतं. २००-४आरला ती डबी नाही. कार्ब्युरेटरच्या थ्रॉटलपासून गिअरबॉक्सच्या पोटात जाणारी थ्रॉटल व्हॉल्व्ह केबल, गॅरेजात टीव्ही केबल म्हणतात ती, तीच सगळं सांगते. पुष्कळांना वाटतं की ही किकडाउनची तार आहे, म्हणजे जोरात पाय दिला की खालचा गिअर पडतो ती. तसं असतं तर चुकीची बसली तरी बिघडलं नसतं. ही तार आतल्या तेलाचा दाब ठरवते. तार ढिली असेल तर गिअरबॉक्सला वाटतं इंजिन आरामात आहे. तो दाब कमी ठेवतो, आणि प्रत्यक्षात इंजिन जोर लावत असतं, त्यामुळे प्लेटा घसरतात आणि जळतात. तार जास्त ओढलेली असेल तर गिअर उशिरा, झटक्याने पडतात. २००-४आर नाजूक आहे अशी जी ओरड असते, तिच्यातल्या बऱ्याच गिअरबॉक्सांना खरं तर ही तार नडलेली असते. "साहेब, ही ढिली राहिली ना, तर पुण्याला पोचायच्या आत क्लच जाळाल," काकांनी तार बोटाला गुंडाळून दाखवत सांगितलं.

नुसती लांबी जुळवून भागत नाही, ओढण्याचा वेगही जुळावा लागतो. त्यासाठी कार्ब्युरेटरच्या थ्रॉटल शाफ्टच्या मध्यापासून तारेची खुंटी साधारण २८ मिलिमीटरवर हवी आणि योग्य कोनात हवी. आमचा कार्ब्युरेटर दोन नळ्यांचा रोचेस्टर, त्याचा दांडा जुन्या गिअरबॉक्सच्या सळईसाठी बनलेला. म्हणून दांड्यावर बसणारी छोटी पट्टी आणि केबलच्या टोकाला पकडणारा ब्रॅकेट, दोन्ही लेथवाल्याकडून करून घेतले. पट्टी बसवायची, बघायची, काढायची, कानसायची, पुन्हा बसवायची. वागळेत हे शक्य होतं, कारण लेथवाला पन्नास पावलांवर आहे. किट मागवून तयार ब्रॅकेटही मिळतात, पण ते चार नळ्यांच्या कार्ब्युरेटरसाठी.

सेटिंग असं केलं. मी आत बसून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, काका बॉनेटखाली वाकलेले. थ्रॉटल पूर्ण उघडेल त्या क्षणी केबलही पूर्ण बाहेर आलेली हवी, ना आधी ना नंतर. काका म्हणाले, "अजून दाबा." मी म्हटलं दाबलाय. त्यांनी आत डोकं घालून माझ्या पायाखालचं बघितलं. मामांनी टाकून घेतलेलं जाड कार्पेट. पेडल जमिनीला न टेकता कार्पेटला टेकत होतं आणि वर थ्रॉटल पाऊण उघडून थांबत होता. म्हणजे या गाडीने इतकी वर्षं पूर्ण रेस कधी घेतलीच नव्हती. पेडलखालचा कार्पेटचा तुकडा कापला. कार्पेट मूळचं नव्हतं, म्हणून माझी अट मोडली नाही.

मग गिअरबॉक्सच्या टेस्ट पोर्टला प्रेशर गेज लावलं, नळी काचेतून आत घेतली आणि गाडी चालवली. रेसला पाय लागताच काटा हलायला हवा. जरा थांबून हलला तर तार ढिली. आमचा काटा पायाबरोबर उठत होता, पाय सोडला की बसत होता. ते बघितल्यावर काकांनी पहिल्यांदा विडी पेटवली.

बाकीची कामं छोटी होती, पण वेळ खाणारी. स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या गिअरला पूर्वी पी, आर, एन, डी, एल एवढ्याच जागा. आता पुढच्या चार. दांड्याखालच्या हाताची लांबी बदलून सगळ्या जागा पकडीत आणल्या, पण काचेमागची अक्षरं जुनीच. चरईतल्या एका रेडियमवाल्याने, जो दिवसभर नंबर प्लेटा आणि रिक्षांवरची नावं कापतो, जुन्या अक्षरांचा फोटो घेऊन त्याच वळणाची नवी पट्टी कापून दिली. पैसे घेताना विचारलं, "हे नक्की कुठे दिसणार?" दिसत नाही हेच त्याचं कौतुक. नवं वाटतच नाही.

चौथ्या गिअरमध्ये कन्व्हर्टरचं लॉकअप असतं, म्हणजे तेलाची घसरण थांबवून इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच. मूळ गाड्यांत ते कॉम्प्युटर लावायचा. इथे बारा व्होल्टची एक तार ब्रेकच्या स्विचमधून, चौथा गिअर ओळखणाऱ्या आतल्या प्रेशर स्विचमधून आणि डॅशखालच्या एका साध्या बटणातून नेली. ब्रेकला पाय लागला की लॉकअप सुटतं, नाहीतर गाडी थांबताना इंजिन बंद पडेल. रेडिएटरच्या पुढे तेलाचा जादा कूलर लावला. ठाण्याच्या उन्हात तो ऐच्छिक नाही. तेल दहा लिटरच्या आसपास लागतं, आणि मोजायचं ते गरम झाल्यावर, पार्कमध्ये, इंजिन चालू ठेवून.

पहिली लांब ट्रायल ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोली, तुर्भे, मग पाम बीच आणि उलव्याकडून अटल सेतू. १२ जानेवारी २०२४ला या पुलाचं उद्घाटन झालं तेव्हाच मनात आलं होतं की गिअरबॉक्स तपासायला मुंबईच्या जवळ याहून चांगली जागा नाही: २१.८ किलोमीटर, सिग्नल नाही, वेगमर्यादा १००. पुलावर चौथा पडला, बटण दाबलं, आणि इंजिनाचा आवाज एकदम खाली गेला. काटा १७५०च्या आसपास. पूर्वी इथे २६००च्या वर असता. शेजारच्या सीटवर काका बसलेले, अमेरिकन गाडीत उजव्या बाजूला, म्हणजे इतरांना वाटतं तेच चालवतायत. टोलनाक्यावर फास्टॅग आला हे डाव्या स्टिअरिंगवाल्यांवर सरकारचे उपकारच आहेत.

हायवेचं एव्हरेज आता आठाच्या पुढे जातं. बरं आहे. पण एवढ्यासाठी एवढा खर्च केला असं कोणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. किट, गिअरबॉक्स, कूलर, मजुरी मिळून जे झालं ते पेट्रोलमधून वसूल व्हायला मला शंभरी गाठावी लागेल. आणि ओव्हरड्राइव्ह वापरायला मिळतो तरी किती? ३.३६ला ०.६७ने गुणलं की २.२५ होतात. ताशी सत्तरला चौथ्या गिअरमध्ये इंजिन १२००च्या आसपास फिरतं, कुरकुरतं. ऐंशीच्या खाली चौथा टाकण्यात अर्थ नाही. ठाण्यात ऐंशी कुठे गाठणार? शहरात दांडा तिसऱ्याच्या जागीच राहतो.

गाडी बदलली ती पहिल्या गिअरने. १.८२ला ३.३६ने गुणा, सहा येतात. २.७४ला गुणा, नऊ. सुरुवातीला चाकाला मिळणारा जोर दीडपट झाला, तोही इंजिनाला बोट न लावता. पूर्वी सिग्नल सुटला की ही गाडी आधी आवाज करायची, मग विचार करायची, मग निघायची. आता पायाबरोबर निघते. कन्व्हर्टरला कमी घसरावं लागतं म्हणून तेल कमी तापतं. गायमुखच्या चढावर दोन कंटेनरच्या मध्ये थांबून थांबून चढताना वास येत नाही. शहरातलं एव्हरेज फक्त पाचावरून सहाच्या आत आलंय, पण मे महिन्यात माजिवडा ओलांडताना माझं लक्ष आता तापमानाच्या काट्यावर नसतं. त्यामुळे कोणी मला विचारलं की जुन्या अमेरिकन गाडीला ओव्हरड्राइव्ह घालू का, तर मी आधी त्याला विचारतो, पहिला गिअर किती आहे? तीन गिअरचा, अडीचच्या पहिल्या गिअरचा ऑटोमॅटिक आधीच असेल आणि गाडी शहरातच फिरत असेल, तर पैसे कूलरवर घाला आणि गप्प बसा. पॉवरग्लाइड असेल तर मात्र करा.

उतरताना सवय बदलावी लागते. चौथ्यात इंजिनाचा ब्रेक जवळजवळ लागत नाही, खंडाळ्याला दांडा हाताने खाली आणावा लागतो.

थोडं चालवल्यावर काकांनी चेंबर उघडून तेल बदललं. चुंबकावर राखाडी, बोटाला गुळगुळीत लागणारी लेई होती, कण नव्हते. नव्या प्लेटा एकमेकींत बसताना एवढं निघतंच. क्रॉसमेंबरचे बोल्ट पुन्हा कसले, एक पाव फेरी फिरला. स्पीडोमीटरची केबल जुनीच लागली, पण काटा जीपीएसपेक्षा किंचित जास्त दाखवतो. त्याची दात्यांची छोटी प्लॅस्टिक गिअर मागवली आहे.

आणि आता ब्रेक. १९६६च्या इम्पालाला चारही चाकांना ड्रम आणि मास्टर सिलिंडर एकच, म्हणजे एक लाइन फुटली की चारही चाकं गेली. गाडी शंभरला निवांत धावायला लागली म्हणून हे आता डोळ्यांत येतं, आधी शंभर गाठायची इच्छाच व्हायची नाही. दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवायचा आहे, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या लाइनी वेगळ्या करायच्या आहेत. काका गणपतीला गावी गेलेत, ते आले की पुढच्या लाइनींची मापं घेणार आहेत. तोवर पुलावर ऐंशी.